मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, आता संडासला जायचं कसं?

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पहाटेचे पाच वाजले होते. जठारपेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात माझी धाकटी जाऊ संडासच्या दाराशी उभी होती. एका हातात बादली, दुसरा हात भिंतीला टेकलेला आणि डोळ्यांत पाणी. मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन पाचवा दिवस होता आणि या पाच दिवसांत तिला एकदाही शौचाला झालं नव्हतं. खरं सांगायचं तर तिनं होऊ दिलं नव्हतं.

"ताई, मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "टाके तुटले तर?"

मागून सासूबाई आल्या. "काहून वं पोरी, उभीच राह्यली? पोटात काही टाकशीन तवाच त काही होईन नं!" असं म्हणून त्या तुळशीला पाणी घालायला निघून गेल्या. त्या क्षणी मला सासूबाईंचा रागच आला. पण पुढच्या तीन दिवसांत जे झालं, त्यानंतर मला वाटतं, की आम्हा सगळ्यांत शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य बोललं गेलं होतं.

मैत्रिणींनो, हा विषय बोलायला अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. बाळंतपणाच्या गोष्टी आपण चारचौघीत रंगवून सांगतो. गुडघेदुखी, रक्तदाब, साखर यांची तर हल्ली मिरवणूकच निघते. पण मूळव्याध म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो. माझ्या जावेनं दोन वर्षं रक्त जात असल्याचं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना डिसेंबर १९७८ मध्ये याच दुखण्यापायी ठरलेली कामं रद्द करावी लागली होती आणि ती बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. इतक्या मोठ्या माणसाला जे लपवता आलं नाही, ते आपण तरी कशासाठी लपवायचं?

तर जावेचं पुढं काय झालं ते ऐका.

भीतीनं तिनं जेवणच तोडलं होतं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन घास मऊ भात. पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागतं, उठलं की दुखतं, म्हणून पाणीही बेतानंच. डॉक्टरांनी इसबगोल लिहून दिलं होतं. ते ती घ्यायची, पण कसं? चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी. दुखणं थांबवायच्या गोळ्या मात्र अगदी वेळेवर. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. राजराजेश्वराला जाता येणार नाही, निदान उपास तरी मोडायचा नाही, म्हणून दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी खाल्ली. मीच करून दिली हो ती! आज आठवलं की वाईट वाटतं.

सातव्या दिवशी पोट फुगलं आणि थोडं थोडं पातळ होऊ लागलं. कपडे खराब व्हायला लागले. आम्हाला वाटलं, जुलाब लागले. घरात जुलाब थांबवायच्या गोळ्या होत्याच, त्यातली एक दिली. इसबगोल बंद केलं. रात्रभर ती तळमळली. आठव्या दिवशी सकाळी दिरांनी तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं, की ते जुलाब नव्हतेच. आत मळाचा कडक गोळा अडकून बसला होता आणि त्याच्या कडेनं वरचं पातळ तेवढं झिरपत होतं. म्हणजे होतं बद्धकोष्ठ आणि आम्ही औषध दिलं जुलाबाचं! दवाखान्यात एनिमा देऊन तो गोळा काढला. तो तास कसा गेला, ते मी इथे लिहीत नाही. जखम ताजी असताना काय झालं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

हे सगळं टाळता आलं असतं. म्हणून हा लेख.

आधी भीतीचं बघू या. ऑपरेशनंतरची पहिली शौच दुखते. दुखणार नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली जी पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. तिच्यात मोड कापून काढतात आणि जखम मुद्दाम उघडी ठेवतात, ती आतून भरत यावी म्हणून. काही डॉक्टर टाके घालतात. काही स्टेपलर वापरतात, त्यात दुखणं सहसा कमी असतं. कोणतीही पद्धत असली, तरी त्या जागेची कातडी फार नाजूक असते. बोटाच्या टोकाला जसं चटकन लागतं, तसंच तिथे. पण मऊ मळानं टाके तुटतात, ही समजूत चुकीची आहे. माणसाला रोज शौचाला जावं लागतं, हे टाके घालणाऱ्याला ठाऊक असतंच. जखमेचा खरा शत्रू म्हणजे कडक मळ आणि कुंथणं. आणि मळ कडक होतो कशानं? रोखून धरल्यानं. मोठ्या आतड्याचं कामच मुळी पाणी शोषून घेण्याचं. मळ जितका जास्त वेळ आत राहील, तितका तो सुकत जाईल. आज घाबरून टाळलं तर उद्या दुप्पट दुखेल, परवा चौपट. जाऊबाई पाच दिवस त्याच चक्रात अडकली होती.

बहुतेकींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत पहिल्यांदा शौचाला होतं. तीन दिवस उलटूनही झालं नाही, तर चौथ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. "अजून खाल्लंच कुठं काय" म्हणून थांबू नका.

त्यात दुखणं थांबवायच्या गोळ्यांचा एक गुण आहे, जो आपल्याला कोणी नीट सांगत नाही. ट्रामाडॉल, कोडीन असल्या जातीच्या गोळ्या आतड्यांची हालचालच मंद करतात. डॉक्टर त्या देतात ते योग्यच, वेदना सहन करत बसण्यात शौर्य नाही. पण त्यांच्या जोडीला मळ मऊ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून हवं. आपल्या बायकांत रक्त कमी असल्यानं लोहाच्या गोळ्याही चालू असतात. मूळव्याधीचं रक्त गेलेलं असलं तर हमखास. त्यांनीही पोट धरतं. म्हणून आपल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा, "यातलं काय पोट धरतं आणि कोणतं पुढं ढकलता येईल?" मनानं मात्र एकही बंद करू नका.

आता इसबगोल. गुजरातेत सिद्धपूर-ऊंझाकडे पिकणाऱ्या बियांचं हे टरफल. आपण त्याला जुलाबाचं औषध समजतो, पण तसं ते नाही. ते पाणी धरून फुगतं आणि मळाला मऊ ठेवतं. म्हणजे पाणीच दिलं नाही तर ते धरणार काय? कोरडं इसबगोल घशात अडकू शकतं आणि आतड्यात उलट बूच मारतं. पूर्ण पेलाभर पाण्यात दोन चमचे घालायचं, ढवळायचं, घट्ट व्हायच्या आत पिऊन टाकायचं आणि वर आणखी पेलाभर पाणी. लगेच पोट साफ होईल अशी अपेक्षा धरू नका, त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणूनच ते ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केलेलं चांगलं. पण सर्जनला विचारून. लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध देतात, तेही पाणी ओढून मळ मऊ करतं. त्यानं पहिले दिवस पोटात गॅस होतो, घाबरू नका.

एरंडेल मात्र नको. "एकदाचं पोट खळाळून जाऊ दे" म्हणून म्हाताऱ्या बायका सुचवतात. पण ताज्या जखमेवरून दिवसातून आठ वेळा पाणी जाणं हेही कडक मळाइतकंच वाईट. आपल्याला हवा मऊ, गुळगुळीत मळ, दिवसातून एकदा किंवा दोनदा. पातळ नको आणि खडाही नको. आणि घरच्या घरी पिचकारीचा एनिमा अजिबात घेऊ नका, जखमेला नळीचं टोक लागलं तर पंचाईत.

जेवणाचं मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण तिथे आपली वऱ्हाडी बाई फार मोठी श्रीमंत आहे आणि तिला ते माहीत नाही. आजारी माणसाला आपण काय देतो? मऊ भात, पेज, साबुदाणा, पाव, बिस्किट. नेमकं जे पोट धरेल तेवढंच निवडून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आहे, न चाळलेल्या कणकेत ११ च्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्याही आत. साबुदाण्यात तर जवळजवळ काहीच नाही, तो नुसता पिठूळ गोळा. डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जननं युगांडात वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या खेड्यांतली भरड धान्य खाणारी माणसं पाहिल्यावर तो पाश्चात्त्यांना सांगत सुटला, की बाबांनो, चोथा खा. त्याची सगळीच मतं पुढे टिकली असं नाही, पण भरड खाणाऱ्याचा मळ मऊ असतो, एवढं तर आपल्या आज्ज्यांनाही ठाऊक होतं.

ज्वारीच्या कण्या आणि ताक हे मला ऑपरेशनंतरचं सर्वांत चांगलं जेवण वाटतं. शिजवायला सोपं, गिळायला सोपं, पोटाला पाणीही मिळतं. ताक मात्र गोडसर हवं, आंबट-खारं नको. भाकरी जमत नसेल तर पातळ वरणात कुस्करून खा. वरणात दुधी, दोडका, पालक काहीतरी घाला. चिवळीची भाजी मिळाली तर उत्तम. मूळव्याधीवर ती रामबाण म्हणून आपल्याकडे सांगतात, तसलं काही मी सांगणार नाही. सुरणाचंही तेच. मोड कशानंच विरघळत नाहीत. पण भाजी म्हणून त्या चांगल्या आहेत आणि तेवढं पुरे. कणीक चाळू नका. वरुड-मोर्शीकडची संत्री घरात असतील तर रस काढत बसू नका, पाकळ्या सालीसकट चावून खा, चोथा तिथेच आहे. पिकलेली पपई, भिजवलेल्या मनुका, अंजीर हे सगळं चालतं. रात्री दुधात तूप घ्यायची सवय असेल तर जरूर घ्या, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

चोथा एकदम वाढवायचा नाही, एवढं मात्र बघा. कालपर्यंत भात आणि आज वाटीभर मटकी असं केलं तर पोट तुंबेल. रोज थोडं थोडं.

आणि ठेचा? माफ करा, पण पहिला महिनाभर नाही. मिरचीनं जखम चिघळेल असं मी म्हणत नाही. पण खाताना जी जीभ भाजते, तीच मिरची बाहेर पडतानाही भाजते आणि पुन्हा भीती बसते. भीती बसली की रोखणं आलं. तर्रीवाला रस्सा करायचाच असेल तर तो घरच्यांसाठी करा आणि तुमचं वरण आधी बाजूला काढून ठेवा.

उपासाबद्दल सासूबाईंशी माझी चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, आजारी माणसाला उपास लागतच नाही, देवाला कळतं. तुमच्या मनाला ते पटत नसेल तर निदान साबुदाणा सोडा. महाशिवरात्रीला आपल्याकडे रताळी आणि कवठ असतातच. उकडलेलं रताळं, राजगिरा, फळं, ताक. उपासही होतो आणि पोटही चालतं.

पाण्याचं दुखणं आपल्या गावचं वेगळं. अकोल्यात महानच्या धरणाचं पाणी नळाला रोज आलंय, असं मला कित्येक वर्षांत आठवत नाही. पाणी भरण्याचा आणि जपून वापरण्याचा हिशेब डोक्यात इतका मुरलेला, की बाई पितानाही हात आखडता घेते. त्यात मार्च लागला की ऊन तापतं, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि अंगातलं पाणी घामावाटेच निघून जातं. उन्हाळ्यात ऑपरेशन झालेल्या बाईसाठी वेगळा दोन लिटरचा तांब्या किंवा बाटली भरून उशाशी ठेवा आणि संध्याकाळपर्यंत ती रिकामी झालीच पाहिजे, असा नेम करा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता जी गोष्ट कोणत्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर नसते ती. सकाळी उठून काहीतरी गरम पोटात गेलं, की अर्ध्या तासात आतडी हलायला लागतात. शरीराची ती वेळ. पण आपल्या घरात ती वेळ कुणाची असते? आधी कामावर जाणारा पुरुष, मग शाळेची पोरं, मग नळ आला म्हणून पाणी, मग डबे. घंटा वाजते आणि बाई म्हणते, "थांब, पोळ्या होऊ दे." पोळ्या होतात, पण तोवर घंटा थांबलेली असते. वर्षानुवर्षं असं करत गेलं की आतडीही हट्ट सोडतात. माझ्या मते कित्येक बायकांच्या मूळव्याधीची सुरुवात तिथे आहे. बाळंतपण, कुंथणं, जड उचलणं ही कारणं आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण हे रोजचं "थांब" कोणी मोजत नाही.

तेव्हा ऑपरेशन झालेल्या बाईच्या घरच्यांना माझं सांगणं आहे: सकाळी तिच्या चहानंतरचा अर्धा तास संडास तिचा. बाकीच्यांनी आधी उरकावं किंवा मागून जावं. आमच्याकडे दिरांनी हा नेम केला, तेव्हा सासऱ्यांना जरा जड गेलं. पण चार दिवसांत सवय झाली.

आत गेल्यावर कसं बसायचं? कमोड असेल तर पायांखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत, थोडं पुढे झुका. भारतीय पद्धतीच्या संडासात बसण्याची ठेवण मुळात चांगली, पण ऑपरेशनंतर फार वेळ उकिडवं बसणं झेपत नाही. खालून प्लास्टिकची कमोडखुर्ची ठेवता येते. श्वास रोखून जोर लावायचा नाही. तोंड उघडं ठेवा, हळू श्वास सोडा. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा इच्छा झाली की जा. आणि मोबाइल बाहेर! पंधरा-वीस मिनिटं तिथे बातम्या बघत बसलं, की त्या शिरांत रक्त साठत राहतं. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून जायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर पहिले दिवस सोपे जातात.

झाल्यावर पुसायचं नाही, घासायचं नाही. कोमट पाण्यानं हलकेच धुवायचं आणि मग कोमट पाण्यात बसायचं. त्यासाठी दुकानातला टबच पाहिजे असं नाही, रुंद घमेलं किंवा प्लास्टिकची पसरट टोपली चालते, मात्र ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही. गंजात पाणी तापवून आणा, पण हाताच्या कोपराला सोसेल इतकंच गरम. जखमेची जागा आधीच हुळहुळी, भाजलं तरी चटकन कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर. त्यानं आवळून धरलेला स्नायू सैल पडतो. पाण्यात मीठ, हळद, डेटॉल, लाल औषध काही नको. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. नंतर मऊ सुती कापडानं टिपून घ्या आणि कापसाची घडी किंवा पॅड ठेवा, कारण थोडा स्राव दोन-चार आठवडे येतच राहतो. ती जखम भरण्याची खूण आहे.

शौचाच्या वेळी थोडं रक्त दिसणं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत होतं. पण रक्ताची धार लागली, गाठी पडल्या, चक्कर आली तर घरचे उपाय करत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. ऑपरेशनंतर आठ-दहा दिवसांनी, सगळं ठीक वाटत असतानाच असं एकदम रक्त जाऊ शकतं, म्हणून त्या दिवसांत एकटीनं गावाला जाऊ नये. ताप, थंडी, वाढत जाणारं दुखणं, पू, लघवी अडकणं, पोट फुगून उलट्या होणं, हीसुद्धा लगेच जाण्याचीच कारणं. आणि कडक शौच झाली नसताना नुसतं पातळ झिरपायला लागलं, तर आमची चूक तुम्ही करू नका. जुलाब थांबवायची गोळी हातात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे, २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री-बेरात्री जायला जागा नाही, असं म्हणायची पाळी आता येत नाही.

भिंतींवर रंगवलेल्या "बिना ऑपरेशन, एका दिवसात" वाल्यांबद्दल एकच सांगते. सुश्रुतानं मूळव्याधीला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले, पण कोणता कुणाला, हे पाहणारा वैद्य शिकलेला असावा लागतो. भिंतीवरचा माणस काय टोचतो, काय लावतो, हे तुम्हाला कळत नाही. ज्यांना अजून ऑपरेशन झालेलं नाही, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. रक्त जातं म्हणजे मूळव्याधच, असं घरी बसून ठरवू नका. विशेषतः चाळिशी-पंचेचाळिशी उलटलेली असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल तर आतून तपासणी करून घ्या.

जाऊबाईला पुरतं बरं वाटायला सहा आठवडे लागले. त्यातले पहिले तीन आठवडे पाण्याच्या बादल्या आणि गॅसचं सिलिंडर दिरांनी उचललं, कारण जड उचलताना श्वास रोखला जातो आणि सगळा जोर तिथेच येतो. दहाव्या दिवशी तिला पहिल्यांदा न रडता शौचाला झालं. बाहेर येऊन तिनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं आणि आम्ही दोघी पोरींसारख्या हसलो. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "काय झालं वं?" जाऊ म्हणाली, "काही नाही आई, कण्या टाकते शिजायला."